शिप्रा जहाजाचा संतरी

१

राऊला महू रोडच्या कडेला एक तीन मजली इमारत आहे. तळाला शेव-नमकीनचं दुकान, मधल्या दोन मजल्यांवर कोचिंग क्लास, आणि सगळ्यात वर, तिसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत, चाचे राहतात. साधेसुधे नाहीत. ढगांतून तरंगत जाणाऱ्या जहाजांवरचे, तलवारी आणि मंत्रतंत्र बाळगणारे चाचे. गेमचं नाव 'ढगांचे चाचे'. सगळा कोड पियुष लिहायचा. त्याच्या मालवी आईची अजून समजूत होती की पोरगं कुणाच्या तरी चाचांवर, म्हणजे काकांवर, काहीतरी बनवतंय, आणि त्यानेही ती कधी दूर केली नाही.

या गेमचे आवाज संबोधी करायची. ऑफिसात आली की चहाच्याही आधी हेडफोन चढवायची आणि 'शिप्रा' नावाच्या जहाजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जायची. पियुषने आदल्या दिवशी काही दुरुस्त केलं असलं की कुठला ना कुठला आवाज हमखास बिघडलेला असे, म्हणून ही सकाळची फेरी.

तिथला एकही आवाज विकत आणलेला नव्हता. याचा तिला गर्व होता आणि तो लपवायची तिला गरज वाटत नव्हती. तोफांचे आवाज तिने दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी गौतमपुऱ्याच्या मैदानातून आणले होते. दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांवर पेटते हिंगोट, म्हणजे दारू भरलेली फळं, फेकत होती आणि ही मधे हेल्मेट घालून माइक धरून उभी. शिडांची फडफड म्हणजे गच्चीवर वाळत घातलेल्या आईच्या खळ दिलेल्या साड्या. इंजिन म्हणजे महूच्या घराशेजारची पिठाची गिरणी. खलाशांची पावलं म्हणजे आबांचे मिलिटरीचे बूट, प्लायवूडवर तिने स्वतः पायात घालून चालवलेले. डाव्या टाचेची नाल सैल होती. ती दर दुसऱ्या पावलाला जराशी वाजायची, आणि तिने ती तशीच राहू दिली होती.

आणि जहाजाच्या अगदी शेपटाला, मागच्या सज्ज्यावर, खुद्द आबा.

आबा म्हणजे तिचे आजोबा, हवालदार चांगदेव. सज्ज्यावर एक संतरी हवा होता, कप्तानाच्या खोलीची वाट राखणारा. शहरातले दोन नाटकवाले ऐकून झाले, पण संबोधीला कुणी पटेना. शेवटी ती महूला गेली, आवाज घुमू नये म्हणून मागच्या खोलीच्या भिंतींना रजया टांगल्या आणि आबांना म्हणाली, "बसून बोला आबा, चालेल." आबा आत गेले आणि कोट, बेरे टोपी, पदकं असा सगळा जामानिमा करून बाहेर आले.

"संतरी बसून बोलतो का?" एवढंच म्हणाले आणि सावधान उभे राहिले.

स्क्रिप्ट दोन ओळींचं होतं. खेळाडू जवळ आला की संतरी ओरडणार, "थम! कौन आता है?" खेळाडूने बटण दाबून "दोस्त" म्हटलं की संतरी म्हणणार, "आगे बढ़." आबांनी दोन्ही ओळी अशा काही म्हटल्या की स्वयंपाकघरात आईच्या हातातला झारा थांबला. मग त्यांनी कागद उलटा करून बघितला.

"बदली कुठे आहे?"

"कसली बदली, आबा?"

"दुसरा संतरी येतो, म्हणतो, पहारा समझ लिया. मग पहिला उतरतो. त्याच्याशिवाय कोणी जागेवरून हलत नाही. लिहिणाऱ्याला माहीत नाही काय?"

लिहिणारा निखिल, गेमचा मालक, तिच्याबरोबर आलेला, तिथेच केबल गुंडाळत बसला होता. तो हसून म्हणाला, "आबाजी, गेमचा संतरी थकत नाही. त्याला बदली नाय लागत."

"थकत नाही म्हणून उतरवायचंच नाही का त्याला?" आबा म्हणाले. सगळे हसले. आबा हसले नाहीत.

हिवाळ्यात आबा गेले. त्यानंतर संबोधीची सकाळची फेरी जरा लांबली. आधी ती सज्ज्यावर दोन क्षण थांबायची, आता चांगली पाच-दहा मिनिटं थांबायची. घरात आबांचा दुसरा आवाज नव्हता. लग्नांच्या व्हिडिओत ते नेहमी मागे उभे, गप्प.

चौदा एप्रिलची गर्दी ओसरून महू पुन्हा शांत झालं, त्याच आठवड्यात एका सकाळी ती सज्ज्यावर पोहोचली आणि संतरी तिच्याकडे पाठ करून उभा होता.

२

"पियुष, संतरी उलटा उभा आहे."

"दिखा." पियुषने खुर्ची सरकवली, बघितलं. "हो जाता है भिया. अभी सीधा करता हूँ."

भिया हे तो सगळ्यांनाच म्हणायचा, संबोधीलाही. संतऱ्याने नेहमी खेळाडूकडे तोंड करून उभं राहायचं, हे कोडमध्ये लिहिलेलंच होतं. पियुषने ते पुन्हा लिहिलं. दुपारपर्यंत संतरी सरळ होता. दुसऱ्या सकाळी परत पाठ. बाहेर, कठड्यापलीकडे तोंड, जिथे नुसते ढग होते. ते ढगही निखिलने कुठूनतरी घेतलेलं एक चित्र होतं, त्याच्यामागे काहीही नव्हतं.

संबोधीने मनाची समजूत घातली. बग म्हणजे बग, यापेक्षा विचित्र बग तिने बघितले होते. एकदा एका पोपटाने कप्तानाच्या पोटात घर केलं होतं. पण तिसऱ्या दिवशी ती सज्ज्याच्या निम्म्या वाटेवर असतानाच आबांचा आवाज आला.

"थम! कौन आता है?"

तिला उद्देशून नव्हता तो. ती अजून लांब होती. तिने बटणाला हात लावला नव्हता. संतरी ढगांना विचारत होता, आणि विचारून उत्तराची वाट बघत होता.

तिने हेडफोन काढले, कपाळ पुसलं, परत चढवले. आणि मग जे तिच्या लक्षात आलं, ते दुसऱ्या कोणाच्या बापालाही कळलं नसतं. आबांच्या त्या ओळीनंतर महूच्या गल्लीतलं एक कुत्रं अगदी बारीक भुंकलेलं होतं. रजयांमधूनही ते आत आलं होतं. तिने ते पुसलं नव्हतं, घराची खूण म्हणून ठेवलं होतं. आता ओळीनंतर कुत्रं नव्हतं. वारा होता. कोरडा, उंचावरचा, थांबत थांबत येणारा वारा. गच्चीवरच्या साड्यांचा हा वारा नव्हता.

तिने मूळ रेकॉर्डिंग उघडलं. कुत्रं जागच्या जागी होतं. गेम उघडला. वारा. आणि आवाजही तोच असून तो नव्हता, जरा बसलेला होता, खूप वेळ ओरडलेल्या माणसाचा बसतो तसा.

कान थकले असतील, ती म्हणाली. आबांची आठवण येते, त्यात कान थकतात. असं म्हणून तिने चहा मागवला, आणि तो थंड होईपर्यंत त्याच्याकडे बघत बसली.

३

निखिलला पुढच्या महिन्यात हैदराबादला गेम दाखवायचा होता. दोन वर्षांची मेहनत तिथे पणाला लागणार होती, आणि चाचणीला बसवलेली पोरं एकजात एकाच जागी अडकत होती.

"दोस्त म्हटलं तरी सोडत नाही तो," निखिल म्हणाला. "पाठ करून उभा राहतो, बस. संबोधी, मला माहीत आहे ते आबाजी आहेत. पण प्लेयर आगे जाणार कसा? मी म्हणतो संतरीच काढून टाकू."

निखिलच्या टेबलामागे त्याच्या पणजोबांचा, दत्तोपंतांचा फोटो होता. होळकरांच्या दरबारात दफ्तर सांभाळलेला पगडीवाला माणूस. संबोधीने त्या फोटोकडे बोट दाखवलं.

"भिया, यांना कोणी म्हटलं की काढून टाकू, तर?"

निखिलने एकदा फोटोकडे बघितलं. रविवारपर्यंतची मुदत दिली.

तिने लॅपटॉप घेतला आणि बस धरून महू गाठलं. बाबा, म्हणजे रत्नपाल, बँकेतून रिटायर झालेले, दारातच बसले होते. त्यांचे डोळे लहानपणापासून अधू. फौजेच्या भरतीत त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. दाराशी आबांचे बूट अजून पॉलिश करून ठेवलेले होते. ते रोज बाबाच पुसायचे, पण आबा असताना किंवा गेल्यावर त्यांनी ते पायात कधी घातले नाहीत. संबोधीने रेकॉर्डिंगला घातले तेव्हाही ते तिला रागावले होते. "तो हक्क कमवावा लागतो," म्हणाले होते.

त्यांनी चष्मा बदलला आणि स्क्रीनजवळ तोंड नेलं. आबांची ओळ ऐकू आली. बाबा नकळत खुर्चीतून उठले. ते तसेच उभे राहिले आणि त्यांचा ऊर भरून आलेला संबोधीला दिसला. तिचाही आला.

मग ते हळूच म्हणाले, "हे दमलेत गं."

"बाबा, तो गेम आहे."

"ते मला कळतं. बंदूक बघ. तू दाखवलीस तेव्हा खांद्यावर होती ना? आता रोखलेली आहे. समोर कोणीतरी असल्याशिवाय संतरी अशी बंदूक धरत नाही."

संबोधीने बघितलं. रोखलेलीच होती. तसं चित्र गेममध्ये कोणी केलेलंच नव्हतं.

बर्फातल्या चौकीची गोष्ट त्या घरात प्रत्येक लग्नात सांगितली जायची. बर्फ पडून वाट बुजली, बदलीवाले रस्त्यात अडकले, आणि आबा दोन रात्री एकटे पहाऱ्यावर उभे राहिले. कॅप्टनसाहेबांनी स्वतः खांद्याला धरून उतरवलं, पदक मिळालं. इथे गोष्ट संपायची. तिच्या पुढचा तुकडा संबोधीला एकटीलाच माहीत होता, कारण लहानपणी तिनेच विचारलं होतं, की आबा, तुम्ही रात्रभर ओरडत होतात म्हणतात, ते कोणावर? आबा तेव्हा शेंगदाणे सोलत होते.

"जो दोस्त म्हणाला नाही, त्याच्यावर," ते म्हणाले होते, आणि सोललेले दाणे तिच्या ओंजळीत टाकले होते.

४

रविवारची वाट निखिलने बघितली नाही. मंगळवारी दुपारी जेवणं झाल्यावर तो पियुषच्या मागे जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "काढ. फक्त बघू या, गेम पुढे चालतो का."

संबोधी भांडली असती. पण तिलाही बघायचं होतं, हे खरं. तिने हेडफोन चढवले.

संतरी गेला. सज्जा रिकामा झाला. जहाजावर सगळं होतं तिथे होतं. गिरणी घरघरत होती, साड्या फडफडत होत्या, डोलकाठीखाली चाचे पत्ते कुटत एकमेकांना नावं ठेवत होते. पियुषने खेळाडूला सज्ज्याकडे चालवलं. वाट मोकळी होती.

"बघ, झालं ना," निखिल म्हणाला.

तेवढ्यात संबोधीने हात वर केला.

एक पाऊल वाजलं होतं. कठड्याच्या पलीकडून अलीकडे, फळीवर. मग दुसरं. त्या जहाजावरची सगळी पावलं तिने स्वतः वाजवलेली होती, आणि ती सगळी बुटांची होती. हे पाय अनवाणी होते, ओले होते. फळीवर टेकताना चिकटायचे, सुटताना बारीक आवाज करायचे. सज्ज्यावर दिसत कोणीच नव्हतं.

पावलं सावकाश डोलकाठीकडे आली. पत्ते कुटणारे चाचे बोलायचे थांबले. मग एकेकाने मान खाली घातली आणि फळीकडे बघत राहिला, कोणी वर बघेना.

"पियुष, यांना मान खाली घालायला कधी शिकवलंस?" निखिलने विचारलं.

"मैंने नहीं सिखाया, भिया."

पावलं त्यांच्यातून पुढे आली आणि अगदी समोर थांबली. संबोधीला आता हेडफोनमध्ये काहीच ऐकू येत नव्हतं, गिरणीसुद्धा. ते तिला सहन होईना म्हणून तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

पाऊल पुन्हा वाजलं. या वेळी ऑफिसच्या बाल्कनीत. तिथल्या फरशीवर दुपारचं ऊन एवढं तापलेलं होतं की पियुष चप्पल घातल्याशिवाय तिकडे जात नसे. त्या फरशीवर ओला पाय टेकला आणि सुटला. निखिलनेही ऐकलं.  पियुषने मागे वळूनही न बघता जुनी फाइल उघडली, दोन बटणं दाबली आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटला.

"थम!" टेबलावर पडलेल्या हेडफोनमधून आबांचा आवाज आला. "कौन आता है?"

बाल्कनीत काही नव्हतं. खाली दुकानात कोणीतरी शेव तोलून मागत होतं.

निखिल पाणी प्यायला. मग तो म्हणाला, "राहू दे आबाजींना. हैदराबादचं मी बघतो." आणि जाताना दत्तोपंतांच्या फोटोला त्याने हात जोडले. तसे जोडताना त्याला याआधी कोणी पाहिलं नव्हतं.

५

खरं म्हणजे इथे संबोधीचं काम झालं होतं. आबा जहाजावर राहणार होते. पण त्या दिवसापासून तिला जेवण जाईना. फेरीला गेली की तिला आता ओळीमागचा श्वास ऐकू यायचा. एकदा गुडघा कडकन वाजला. थंडीत तोच गुडघा आबा मोहरीच्या तेलाने चोळायचे. आवाज इतका बसला होता की 'कौन' ऐकू यायचं, पुढचं वाऱ्यात जायचं. कोणीतरी त्या माणसाला उतरवायला हवं होतं. बाकी जगात कोणाला हे कळलं नसतं, आणि तिला कळलं होतं, म्हणजे ते तिचंच काम होतं.

शनिवारी ती महूला गेली आणि मागच्या खोलीला पुन्हा रजया टांगल्या.

"मी म्हणतो बदलीचे शब्द," बाबा म्हणाले.

"तुम्हाला समोरची बस दिसत नाही, बाबा."

"ऐकू तर येतं. संबोधी, हे शब्द म्हणायचे म्हणून म्हणायचे नसतात. जो म्हणतो त्याचा पहारा होतो. मग त्याला कोणीतरी उतरवावं लागतं."

"तेव्हा तुम्ही या की," ती म्हणाली. तिला चेष्टा करायची होती, पण आवाजाने साथ दिली नाही. "आबांना दोन वेळा एकटं सोडलं लोकांनी, एकदा बर्फात, एकदा या जहाजावर. आपण घरचे असून तिसऱ्यांदा सोडायचं?"

बाबांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला. मग कपाटातून आबांची बेरे टोपी काढली आणि तिच्या डोक्यावर ठेवून, डोळ्यांजवळ चेहरा नेऊन, बोटांनी चाचपत ती बरोबर बसवली. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते तिने त्यांच्या रिटायरमेंटच्या हारतुऱ्यातही पाहिलं नव्हतं.

तिने सावधान उभं राहून एकाच दमात रेकॉर्ड केलं. दुसऱ्यांदा म्हणायची गरज पडली नाही.

६

रविवारी दुपारी इमारत रिकामी होती. कोचिंगची पोरं नव्हती, नमकीनवाल्याने अर्धं शटर ओढलं होतं. पियुषने आदल्या दिवशीच तिच्या नावाचं एक बटण जोडून ठेवलं होतं. 'आ जाऊँ क्या?' असं त्याने विचारलं होतं, तिने नको म्हटलं होतं.

तिने ऑफिसचं दार नुसतं लोटून घेतलं, टोपी घातली, हेडफोन चढवले. डोलकाठीजवळ चाचे पत्ते खेळत होते. ती जवळून गेली तसे ते एकेक करून उभे राहिले. हेही कोणी शिकवलेलं नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती, वाटतही होती, पण त्यांच्या मधून चालताना मान आपसूक ताठ झाली.

संतरी कठड्याशी उभा होता. खांदे उतरले होते, बंदूक मात्र तसूभरही खाली नव्हती.

तिने बटण दाबलं. तिचाच आवाज जहाजावर उमटला, तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा.

"पहारा समझ लिया!"

बराच वेळ काहीच झालं नाही. मग बंदूक हळूच खांद्याला लागली. संतऱ्याने पाऊल मागे घेतलं, वळला, आणि तिच्या अगदी जवळून गेला. चेहरा तिने बघितला नाही. बघावासा वाटला, पण पहारा घेतलेल्या माणसाने बाजूला बघायचं नसतं, आणि ते तिला शिकवणारा माणूस शेजारून जात होता. हेडफोनमध्ये तिला एक मोकळा, लांब श्वास ऐकू आला. मग अगदी लांबून, महूच्या गल्लीतलं ते कुत्रं एकदाच भुंकलं.

संबोधी रडली. रडताना हसू येत होतं. उतरवलं आम्ही त्यांना, तिने मनात म्हटलं.

डोळे पुसायला तिने हेडफोन काढले. वारा थांबला नाही.

ती केव्हा उठली होती, बाल्कनीच्या दारात केव्हा येऊन उभी राहिली होती, तिला आठवेना. पुढ्यात बाल्कनीचा कठडा होता आणि त्याच्यापलीकडे महू रोड दिसायला हवा होता. तिथे पांढरं होतं. रस्ता नव्हता, समोरची हार्डवेअरची पाटी नव्हती. गाड्यांचा आवाजही नव्हता. खिशात फोन थरथरला. तिने तो डोळ्यांसमोर धरला आणि कठडा नजरेआड न करता वाचला. बाबांचा मेसेज होता. 'निघालो आहे. जागेवरून हलू नकोस.'

मेसेज केव्हाचा होता कोण जाणे. ती हलली नाही. ओला पाय कठड्याच्या बाहेरच्या अंगाला टेकल्याचा आवाज आला आणि लोखंडी गजावर, खालून वर येऊन, चार बोटं बसली. पाचवं शोधायला तिची नजर गेली नाही, तिने जाऊ दिली नाही.

"थम," ती म्हणाली. "कौन आता है?"

उत्तर नाही. तिने पुन्हा विचारलं. आबा रात्रभर विचारत राहिले होते, तिला निदान दुपार काढायची होती.  आपल्या घरात आजवर कोणी जागा सोडलेली नाही, एवढं एकच तिच्या डोक्यात होतं, आणि तेवढ्यावर ती उभी होती.

"थम! कौन आता है?"

कठड्यापलीकडच्या पांढऱ्यातून उत्तर आलं.

"दोस्त," बाबांचा आवाज म्हणाला. "मीच आहे गं. आलो बदलीला. सोड आता."

हुबेहूब बाबा. शब्दाच्या शेवटी जरा खाकरायची सवयसुद्धा. संबोधीचे खांदे सैल पडले, तोंडापर्यंत 'आगे बढ़' आलं.

आणि तेव्हाच मागे, लोटलेल्या दाराच्या पलीकडे, खूप खालून जिन्यात बूट वाजले. जड, सावकाश, चाचपत चढणारे. दर दुसऱ्या पावलाला डाव्या टाचेची सैल नाल वाजत होती. ते बूट शेवटी बाबांनी पायात घातले होते. संबोधीची टाच टाचेला लागली, छाती वर झाली, आणि तिने कठड्यावरच्या बोटांकडे बघत आबांसारखं, घर दणाणेल असं ओरडून सांगितलं, "थम!"

बाबा अजून पहिल्याच मजल्यावर होते.